५० टनांचा सुरक्षित फोन ॲलन ट्युरिंगने ३९ किलोंवर आणला, पण तोवर सरकारला त्याची गरजच उरली नव्हती

नवीन नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात आयटीवाल्यांचा मेल येतो. मोबाईलमध्ये अमुक ॲप टाका, सहा आकडी पिन ठेवा, ऑफिसचे मेल वेगळ्या कप्प्यात उघडतील, फोन हरवला तर आम्ही इथून तो पुसून टाकू. माणूस कपाळाला आठ्या घालतो, सगळ्याला ओके करतो आणि कामाला लागतो.

ही कटकट कुण्या मॅनेजरच्या डोक्यातून आलेली नाही. कामाचं बोलणं खिशातल्या यंत्रावरून करायचं आणि ते तिसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा प्रश्न सरकारांना फार आधीपासून छळतोय. आज ब्रिटनमध्ये नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटर आणि अमेरिकेत निस्ट या सरकारी संस्था ऑफिसच्या फोनसाठी नियमावल्या काढतात. पण जेव्हा मोबाईल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा एका सरकारी आवारातल्या शेडमध्ये एक गडी हातात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन याच प्रश्नाशी झटत होता.

त्याचं नाव ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंग म्हटलं की बहुतेकांना एनिग्मा आठवतं. २०१४ मध्ये आलेला द इमिटेशन गेम हा सिनेमा आठवतो. त्या सिनेमात तो एकटाच मशीन बनवतो आणि त्याला ख्रिस्तोफर असं नाव देतो. प्रत्यक्षात पहिल्या मशीनचं नाव व्हिक्टरी होतं आणि ते एकट्याचं काम तर अजिबातच नव्हतं. पण सिनेमाने आणखी एक गोष्ट सोडून दिली. युद्धाची शेवटची दोन वर्षं ट्युरिंग दुसऱ्याचे कोड फोडत बसला नव्हता. तो आपल्या माणसांचं बोलणं झाकायचं यंत्र बनवत होता. त्या यंत्राचं नाव डिलायला.

ही गोष्ट त्या डिलायलाची आहे, आणि तिच्या बापाची.

ट्युरिंगचं भारताशी नातं

ॲलनचे वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते, म्हणजे त्या काळचे साहेब. मद्रास इलाख्यात त्यांच्या बदल्या व्हायच्या. आई एथेल सारा हिचा जन्मच कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. तिचे वडील एडवर्ड स्टोनी मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनियर होते. या आजोबांनी पंखा ओढताना कुरकुर होऊ नये म्हणून आवाज न करणारं चाक शोधून काढलं होतं. नातवाने पुढे आवाजावरच काम केलं, हा निव्वळ योगायोग.

आजच्या ओडिशातल्या छत्रपूरला हे जोडपं राहत असताना ॲलनची चाहूल लागली. बाळंतपणासाठी आई इंग्लंडला गेली आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये ॲलन जन्मला.

वडिलांची नोकरी भारतात. भारतातलं हवापाणी पोरांना मानवणार नाही, अशी त्या काळच्या गोऱ्या साहेबांची समजूत. त्यामुळे ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन या दोघांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवलं गेलं. आईवडील समुद्रापलीकडे, पोरं परक्याच्या दारात. साम्राज्य चालवणाऱ्या कितीतरी घरांचं हे असंच होतं.

पोरगा पहिल्यापासून वेगळा. १९२६ मध्ये शेरबोर्नच्या बोर्डिंग शाळेत जायचा पहिला दिवस आला आणि नेमका त्याच वेळी देशभर संप. रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या या पठ्ठ्याने साउथॅम्प्टनहून सायकल काढली आणि जवळपास १०० किलोमीटर तुडवत शाळा गाठली. वाटेत एक रात्र मुक्काम केला, तेवढंच.

शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा मित्र मिळाला. गणिताचं, आकाशातल्या ताऱ्यांचं वेड दोघांना सारखंच. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. ॲलन पुढची कित्येक वर्षं त्याच्या आईला पत्रं लिहीत राहिला. मेंदू मेल्यावर मन कुठं जातं, हा प्रश्न त्याला तेव्हापासून चिकटला.

पुढे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. १९३६ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने एक शोधनिबंध लिहिला. गणितातला प्रत्येक प्रश्न ठराविक पायऱ्यांनी सुटतो का, हे तपासायला त्याने एक काल्पनिक यंत्र मांडलं. लांबच लांब फीत, तिच्यावर खुणा, आणि एकेक खूण वाचून पुढचं पाऊल ठरवणारं डोकं. सूचना बदलल्या की तेच यंत्र वेगळं काम करणार. आज हातातला फोन सकाळी अलार्म असतो, दुपारी बँक असतो आणि रात्री सिनेमा थिएटर असतो, त्यामागची कल्पना हीच.

तिथून तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आला. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो ब्लेचली पार्कला हजर झाला.

ब्लेचलीवर इतकं लिहून झालंय की इथे थोडक्यात उरकलेलं बरं. पोलंडच्या गणितज्ञांनी एनिग्मा आधीच फोडायला सुरुवात केली होती. त्यांच्या कामावर पुढे जाऊन ट्युरिंगने बाँब नावाच्या यंत्राचा आराखडा केला, गॉर्डन वेल्चमनने त्यात मोठी सुधारणा सुचवली आणि युद्ध संपेपर्यंत अशी २०० हून अधिक यंत्रं धडधडत होती. जर्मन पाणबुड्यांचे संदेश फोडणाऱ्या हट ८ चा पहिला प्रमुख ट्युरिंग होता. तिथे तो आपला चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने रेडिएटरला बांधून कुलूप लावायचा.

माणूस सुरक्षेबद्दल गंभीर होता, एवढं यावरून समजावं.

रुझवेल्ट आणि चर्चिल बोलत होते, जर्मन ऐकत होते

तर १९४२ पर्यंत ब्रिटिशांना एक गोष्ट चांगलीच उमगली होती. आपण शत्रूचं सगळं वाचतोय, तर शत्रूही आपलं काहीतरी ऐकत असणारच.

लिहिलेला संदेश झाकणं त्या मानाने सोपं होतं. अक्षराच्या जागी अक्षर टाकायचं. पण बोलणं? आवाज म्हणजे सलग लाट. तिच्यात अक्षरं नसतात.

अटलांटिकपार रेडिओ टेलिफोनवरून बोलताना चर्चिल आणि रुझवेल्ट यांच्याकडे ए-३ नावाचं यंत्र होतं. ते आवाजाचे वेगवेगळे पट्टे करायचं आणि त्यांची जागा अदलाबदल करायचं. मधे कुणी ऐकलं तर नुसता गोंधळ. पण पट्टे थोडेच होते आणि त्यांची अदलाबदल किती प्रकारे होणार यालाही मर्यादा होती. जर्मनीच्या टपाल खात्यातल्या इंजिनियरांनी ते कोडं सोडवलं आणि व्यापलेल्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर ऐकायचं केंद्रच थाटलं. हो, टपाल खात्याने.

लंडनमध्ये चर्चिलच्या भूमिगत वॉर रूम्समध्ये अमेरिकेला फोन करायची एक चिंचोळी खोली होती. तिच्या दाराला शौचालयाला असते तशी आत कुणी आहे की नाही हे दाखवणारी कडी होती, त्यामुळे तिथल्या लोकांना वाटायचं की ही साहेबांची खासगी मोरी असावी. दार असं झाकलं, पण तारेच्या पलीकडे सगळं उघडं.

यावर अमेरिकेने उत्तर काढलं. न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जने सिगसॅली नावाची यंत्रणा बनवली. तिने आवाज मोजला, त्याचे आकडे केले आणि त्या आकड्यांत ग्रामोफोनच्या तबकडीवर रेकॉर्ड केलेला निरर्थक गोंगाट मिसळला. दोन्ही टोकांना तंतोतंत सारखी तबकडी. एका टोकाला गोंगाट मिसळायचा, दुसऱ्या टोकाला तोच वजा करायचा. तबकडी वापरून झाली की नष्ट. जर्मनांना हे कधीच फोडता आलं नाही.

फक्त एक अडचण होती. एका टोकाची यंत्रणा म्हणजे ४० कपाटं, सुमारे ५० टन वजन आणि ३० किलोवॅट वीज. लंडनचं टोक ठेवायला शेवटी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाचं तळघर घ्यावं लागलं. वर बायका टोप्या आणि हातमोजे बघतायत आणि खाली महायुद्धाचा फोन, असा तो प्रकार. जुलै १९४३ मध्ये त्यावरून पहिली अधिकृत बैठक झाली.

पण ब्रिटिश सरकारला प्रश्न होता की हे यंत्र खरंच सुरक्षित आहे का. आपल्या पंतप्रधानाचं बोलणं दुसऱ्या देशाच्या खोक्यातून जाणार, तर ते खोकं आपल्या माणसाने आतून बघायला हवं. त्यासाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये ट्युरिंगला बोटीने अमेरिकेला धाडण्यात आलं.

मित्रराष्ट्र असलं म्हणून काय झालं, अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याला बेल लॅब्जमध्ये शिरू द्यायला खळखळ केली. लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये बरीच वरच्या पातळीवर बोलणी झाल्यावर जानेवारी १९४३ मध्ये त्याला प्रवेश मिळाला.

तिथे रोज दुपारी चहाला त्याची गाठ क्लॉड शॅननशी पडायची. हा शॅनन म्हणजे माहितीशास्त्राचा पाया घालणारा माणूस. दोघेही गुप्तलेखनावर काम करत होते आणि दोघांनाही एकमेकांशी त्याबद्दल बोलायची परवानगी नव्हती. मग ते विचार करणाऱ्या यंत्रांवर गप्पा मारायचे. विसाव्या शतकातली दोन सगळ्यात तल्लख डोकी, आणि कामाचा विषय सोडून बाकी सगळ्यावर बोलणं. ऑफिसची गोपनीयता याहून कडक काय असणार?

ट्युरिंगने सिगसॅली नीट बघितली. त्याला ती पटली. पण ५० टनांचं खोकं रणगाड्यात किंवा जीपमध्ये कसं घालणार? पुढच्या फळीवरच्या अधिकाऱ्याने काय करायचं? मार्च १९४३ मध्ये परतीच्या बोटीवर बसल्या बसल्या त्याने रेडिओच्या व्हॉल्व्हची माहिती देणारी एक स्वस्तातली पुस्तिका वाचायला घेतली. गणिताचा डॉक्टर इलेक्ट्रॉनिक्सची बाराखडी गिरवत होता.

डिलायला

ब्लेचलीपासून दहाएक मैलांवर हॅन्सलोप पार्क नावाचं सरकारी आवार होतं. गुप्तहेर खात्याचं रेडिओचं काम तिथे चालायचं. हट ८ आता ह्यू अलेक्झांडर सांभाळत होता, तिथे ट्युरिंगची रोजची गरज उरली नव्हती. त्यामुळे तो आधी आठवड्यातून काही दिवस सायकलने हॅन्सलोपला जायला लागला आणि पुढे तिथेच मुक्कामाला गेला. तिथल्याच एका छोट्या घरात रॉबिन गँडी हा गणितज्ञ मित्र आणि एक मांजर यांच्यासोबत त्याचा संसार होता.

१९४४ मध्ये त्याला मदतनीस मिळाला. डोनाल्ड बेली, सैन्यातला तरुण इंजिनियर. हाताने नेटका, कामाने पक्का. ट्युरिंगने जोडलेली सर्किट बघून त्याला घाम फुटला असणार, कारण साहेबांचं सोल्डरिंग म्हणजे चिमणीचं घरटं. कुठली तार कुठं जाते ते त्याचं त्यालाच ठाऊक. बेलीने त्याला आधी टेबल आवरायला शिकवलं आणि ट्युरिंगने बेलीला गणित शिकवलं. संध्याकाळी तिथल्या इंजिनियरांसाठी तो गणिताची व्याख्यानंही द्यायचा आणि बेली वहीत सगळं उतरवून घ्यायचा. या वह्या लक्षात ठेवा, त्या पुढे येणार आहेत.

यंत्राला नाव हवं होतं. गँडीने डिलायला सुचवलं आणि ते टिकलं. बायबलमध्ये सॅमसन नावाच्या बलाढ्य पुरुषाला भुलवून त्याच्या ताकदीचं गुपित काढून घेणारी बाई म्हणजे डिलायला. पुरुषांना फसवणारी म्हणून हे नाव. खरं तर तिने गुपित फोडलं होतं, राखलं नव्हतं, पण तेवढा विचार कुणी केला नसावा.

आता डिलायला काम कसं करायची ते बघू, कारण गंमत त्यातच आहे.

बोलणं म्हणजे वरखाली होणारी लाट. ती सलग पाठवायची गरज नाही. ठराविक वेळाने तिची उंची मोजली आणि तेवढीच मापं पुढे पाठवली तरी पलीकडे लाट पुन्हा उभी करता येते. अट एवढीच की लाट जितक्या वेगाने वरखाली होते त्याच्या किमान दुप्पट वेळा मोजायला हवं. ट्युरिंगने आवाजातला २००० हर्ट्झच्या वरचा भाग कापून टाकला आणि सेकंदाला ४००० वेळा माप घेतलं. तेवढ्यात माणसाचे शब्द कळतात. आजचा साधा फोन कॉल सेकंदाला ८००० वेळा मोजतो, तत्त्व तेच.

मग प्रत्येक मापात एक गुप्त आकडा मिळवायचा. बेरीज मात्र घड्याळाच्या काट्यासारखी. दहा वाजता पाच तास मिळवले की पंधरा वाजत नाहीत, तीन वाजतात. तसंच इथे बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की पुन्हा खालून सुरू. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या मापाकडे बघून आत आवाज मोठा होता की छोटा याचा पत्ताच लागत नाही. मधे कान लावणाऱ्याला नुसतं फसफसणं ऐकू येणार. पलीकडे तोच गुप्त आकडा वजा केला की बोलणं परत.

मग एवढे गुप्त आकडे आणायचे कुठून? सेकंदाला ४०००! सिगसॅलीने ते तबकडीवरून आणले होते, पण तबकड्या छापा, विमानाने पोचवा, वापरून जाळा, हा सगळा राजेशाही थाट. ट्युरिंगने आकडे जागच्या जागी तयार करणारं सर्किट बनवलं. वेगवेगळ्या गतीने चालणारे इलेक्ट्रॉनिक ठोके आणि त्यांची सरमिसळ करणारी चाकं. ही चाकं एनिग्मातल्या चाकांच्या जातीची होती. ज्या यंत्राला हरवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, त्याचीच युक्ती त्याने स्वतःच्या यंत्रात वापरली. एनिग्मा कुठे कमी पडतं हे त्याच्याइतकं पृथ्वीतलावर फार थोड्यांना माहीत होतं. दोन्ही टोकांना चाकं सारखी लावली की दोन्हीकडे तेच आकडे, त्याच क्रमाने, त्याच क्षणी.

हा क्षण जुळवणं सगळ्यात अवघड. एक टोक किंचित मागे पडलं तरी वजाबाकी चुकणार आणि ऐकणाऱ्याला पुन्हा फसफसच.

१९४५ च्या वसंतात डिलायला उभी राहिली. तीन छोटी खोकी, प्रत्येक साधारण बुटाच्या डब्याएवढं. विजेच्या पुरवठ्यासकट वजन ३९ किलो. सेल्फ्रिजेसच्या तळघरातल्या ५० टनांच्या समोर ३९ किलो. दोन माणसांनी उचलून जीपमध्ये टाकावं आणि निघावं. खिशात मावणारं नव्हे, पण सोबत नेता येईल असं.

चाचणीला त्यांनी चर्चिलच्याच भाषणाची तबकडी लावली. एका टोकाने साहेबांचा धीरगंभीर आवाज आत गेला, मधल्या तारेत त्याचा चुराडा झाला आणि दुसऱ्या टोकाने चर्चिल पुन्हा बोलायला लागले.

यंत्र चाललं. पण मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली होती.

त्यात डिलायलामध्ये एक उणीव होती. टेलिफोनच्या तारेवर ती चालायची, पण लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर लाटा वाटेत बिघडतात, तिथे चालेल असा तिचा अवतार अजून बनला नव्हता. युद्ध चालू असतं तर सरकारने पैसा आणि माणसं देऊन तो बनवून घेतला असता. युद्ध संपल्यावर कुणाला घाई नव्हती. ट्युरिंग आणि बेलीने तांत्रिक अहवाल लिहिला, तो गुप्त म्हणून फायलीत गेला आणि डिलायला कपाटात. प्रत्यक्ष कामाला ती एकदाही लागली नाही.

जुलै १९४५ मध्ये ट्युरिंग आणि कोलॉसस यंत्र बांधणारा टॉमी फ्लॉवर्स यांना जर्मनीत पाठवलं गेलं. बव्हेरियातल्या एबरमानश्टाटजवळच्या प्रयोगशाळेत जर्मनांनी याच विषयात काय केलं होतं ते बघायला.

दुसऱ्याची गुपितं, स्वतःचं गुपित

हॅन्सलोपमधला एक प्रसंग मात्र इथे यायलाच हवा. काम करता करता ट्युरिंगने बेलीला सहज सांगून टाकलं की आपल्याला पुरुष आवडतात. बेली हादरला. या सरळमार्गी तरुणाने अशी कबुली कधी ऐकली नव्हती. दोघांत खटका उडाला. पण काम थांबलं नाही आणि मैत्रीही तुटली नाही. ट्युरिंगला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. देशाची गुपितं तो मरेपर्यंत पोटात ठेवू शकत होता, स्वतःबद्दल खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

बेलीसोबतचा आणखी एक उद्योग. १९४० मध्ये जर्मन घुसतील या भीतीने ट्युरिंगने सुमारे २५० पौंडांच्या चांदीच्या विटा घेऊन ब्लेचलीजवळ पुरल्या होत्या आणि जागेची खूण सांकेतिक भाषेत लिहून ठेवली होती. युद्धानंतर मेटल डिटेक्टर घेऊन तो शोधायला गेला, पुढे बेलीलाही घेऊन गेला. खुणा बदलल्या होत्या, काही सापडलं नाही. पासवर्ड विसरलेल्या प्रत्येकाने हा किस्सा जपून ठेवावा.

युद्धानंतर ट्युरिंग नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेला आणि एसीई या संगणकाचा आराखडा केला. सरकारी कारभार रेंगाळला, तो वैतागला. १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात रुजू झाला. पळण्याचा नाद जुनाच होता. १९४७ मध्ये त्याने २ तास ४६ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली होती आणि पाचवा आला होता. १९५० मध्ये यंत्रं विचार करू शकतात का, यावर त्याने तो प्रसिद्ध लेख लिहिला. १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आणि अधूनमधून सरकारच्या गुप्तलेखन खात्याला, म्हणजे जीसीएचक्यूला, सल्ला देत राहिला.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. माल किरकोळ होता. ओळखीच्या एका तरुणाच्या माहितीतल्या माणसाने ती केली होती. ट्युरिंग स्वतः पोलिसांत गेला. चौकशीत त्या तरुणाशी असलेले संबंध त्याने लपवले नाहीत. चोर बाजूला राहिला आणि फिर्यादीच आरोपी झाला. पुरुषाचे पुरुषाशी संबंध हा तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होता.

३१ मार्च १९५२ ला खटला झाला. ह्यू अलेक्झांडरने कोर्टात येऊन त्याच्या बाजूने साक्ष दिली की हा माणूस राष्ट्राची ठेव आहे. पण का, ते सांगायची मुभा नव्हती. एनिग्मा गुप्त, बाँब गुप्त, डिलायला गुप्त. न्यायाधीशाला समोर दिसत होता तो विद्यापीठातला एक विक्षिप्त मास्तर.

तुरुंग किंवा वर्षभर हार्मोनचा उपचार, असे दोन पर्याय होते. त्याने उपचार घेतला. त्याचं शरीर बदलायला लागलं, छाती वाढली. त्याहून वेगळी शिक्षा अशी की जीसीएचक्यूचे दरवाजे बंद झाले. आदल्याच वर्षी बर्जेस आणि मॅक्लीन हे दोन ब्रिटिश अधिकारी रशियाला फितूर होऊन पळाले होते, सगळीकडे संशयाचं वातावरण होतं. समलिंगी माणसाला ब्लॅकमेल करता येतं म्हणून तो धोका, असं सरकारचं गणित. हे गणित ट्युरिंगला लागूच पडत नव्हतं. ज्याने पोलिसांसमोर सगळं स्वतःहून सांगितलं, त्याला कशाची भीती घालून कोण ब्लॅकमेल करणार? पण सिक्युरिटी क्लिअरन्स काढायला असा विचार लागत नाही.

७ जून १९५४ रोजी ट्युरिंगचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना तो अंथरुणात सापडला. कारण सायनाइड. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. तो घरात सायनाइड वापरून प्रयोग करायचा, त्यामुळे अपघात असावा असं आई शेवटपर्यंत मानत राहिली, काही अभ्यासकही आत्महत्येच्या निर्णयावर शंका घेतात. उशाशी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, पण ते कुणी तपासलंच नाही. वय ४१.

आईने १९५९ मध्ये मुलाचं चरित्र लिहिलं. युद्धात त्याने नेमकं काय केलं, हे तिलाही माहीत नव्हतं. ब्लेचलीचं गुपित जगासमोर आलं १९७४ मध्ये. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारतर्फे माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर माफी दिली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा फोटो आला. इंग्रजांनीच भारतात आणलेलं ३७७ कलम इथल्या सुप्रीम कोर्टाने सहमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ते २०१८ मध्ये.

हॅन्सलोप पार्क आजही ब्रिटिश सरकारकडेच आहे आणि आजही तिथे सुरक्षित संपर्काच्या यंत्रांवर संशोधन चालतं. आत काय बनतं ते अर्थातच बाहेर कळत नाही.

आणि बेलीच्या वह्या? डोनाल्ड बेलीने त्या आयुष्यभर जपल्या. २०२० मध्ये तो वारला. त्यानंतर डिलायलाचे आराखडे आणि आकडेमोड असलेले ते कागद बाहेर आले, काही पानं खुद्द ट्युरिंगच्या अक्षरातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात ते ३ लाख ८० हजार पौंडांहून जास्त किमतीला विकले गेले. पुढच्या वर्षी ते देशाबाहेर जायची वेळ आली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. हा देशाचा मौल्यवान ठेवा आहे, असं कारण त्यासाठी देण्यात आलं.